पाहुण्यांची वही

“आणि तुमच्या मिसेस? त्या नाही का आल्या?”

गाडी सिग्नलला उभी होती. समोरून ट्राम आडवी चालली होती आणि तिच्या काचांमागे ऑफिसांतून सुटलेली माणसं दाटीवाटीनं उभी होती. संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. दुसऱ्या एका दूतावासाचा समारंभ उरकून, दोन तास उभं राहून, दीडेकशे लोकांशी हात मिळवून दोघं घरी परतत होती. मागच्या सीटवर तो उजवीकडे, ती डावीकडे. एकतीस वर्षं, सहा शहरांत, अशीच बसत आलेली. प्रश्न तिनं विचारला होता. त्याच्या बायकोनं, त्याला, घरच्या भाषेत. हनुवटी जराशी कलती ठेवून, ओठांवर ते अर्धं हसू आणून, समोरच्याला बोलतं करायचं असलं की ती जो आवाज लावायची त्या आवाजात. थट्टा असेल म्हणून त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. डोळ्यांत थट्टा नव्हती. चांगल्या घरची बाई नव्या पाहुण्याकडे बघते तशी ती त्याच्याकडे बघत होती, अगत्यानं आणि थोडी उत्तराची वाट पाहत. तो म्हणाला, “आज जरा बरं नव्हतं तिला.”

उत्तर आधी गेलं, प्रश्न काय होता ते कळलं मागून. पुढे कितीतरी वेळ त्याला ह्याचीच जास्त शरम वाटत राहिली. समोरच्याची चूक समोरच्याच्या लक्षात येऊ द्यायची नाही, अवघड क्षण हातोहात झेलून बाजूला ठेवायचा, हे त्याच्या अंगात इतकं भिनलं होतं की आपल्या पायाखालची वाळू सरकतेय हे कळायच्या आत त्यानं ती सारखी करून टाकली होती. “अरेरे,” ती म्हणाली. “जपा हं त्यांना. ह्या तुमच्या नोकरीत बायकांचे फार हाल होतात. कुणाच्या लक्षातही येत नाही.” सिग्नल सुटला. ड्रायव्हर मान सरळ ठेवून गाडी चालवत होता, ही भाषा त्याला कळत नव्हती. दोन चौक गेल्यावर ती एकदम नेहमीच्या, किंचित कावलेल्या आवाजात म्हणाली, “अहो, शाल राहिली वाटतं तिथं. तुम्ही एवढ्या घाईनं काढता ना मला.” शाल तिच्या मांडीवरच होती. ती त्यानं उचलून तिच्या खांद्यावर घातली. “अगबाई,” ती हसली. तोही हसला. घर येईपर्यंत दोघं हसऱ्या चेहऱ्यानंच बसून होती.

घर म्हणजे सरकारी निवासस्थान. पोर्चमधला दिवा लागलेला, दार उघडणारा दाराशी, दिवाणखान्यात सोफे आपापल्या जागी. असल्या घरांतल्या प्रत्येक खुर्चीच्या बुडाशी पांढऱ्या रंगानं एक नंबर घातलेला होता, टेबलांच्या, आरशांच्या मागे होता, आणि दर पाच-सहा वर्षांनी बदली झाली की कुणीतरी कारकून यादी घेऊन खुर्च्या उलट्या करून बघून जायचा. मुलगी लहान होती तेव्हा एकदा उघड्या अंगानं आईसमोर उभी राहून म्हणाली होती, “आई, माझा नंबर कुठाय?” तेव्हा ती दोघं पोट धरधरून हसली होती. आता बायको जिना चढून वर गेली. अर्ध्यावर क्षणभर थांबली, कठड्यावरचा हात पुढे-मागे केला आणि मग वर गेली. गेले काही महिने ती तशी थांबत होती. गुडघे, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. जिना उंच आहे, पन्नाशी उलटली, गुडघे. ठरवून टाकणं सोपं होतं. गेल्या वर्षी मुलीनं फोनवर स्पष्ट विचारलं होतं, “बाबा, आईनं मला एकाच फोनमध्ये तीनदा विचारलं, जेवलीस का. तू तिला कुणाला तरी दाखव.” तेव्हा तो म्हणाला होता, “बघू या.” मुलगी म्हणाली, “बाबा, तुझं ‘बघू या’ मी जन्मापासून ऐकतेय. निदान मला तरी परराष्ट्र समजू नकोस.” त्या वाक्याचा त्याला राग आला होता. मुलगी म्हणाली ते खोटं असतं तर आला नसता.

अभ्यासिकेत टेबलाच्या खणात सोमवारपासून मंत्रालयाचं पत्र पडलेलं होतं. निवृत्तीला साडेतीन वर्षं राहिली असताना शेवटची, सगळ्यात मोठी नेमणूक. ज्या राजधानीसाठी त्याच्या बरोबरीची माणसं दहा-दहा वर्षं देव पाण्यात घालून बसलेली होती, ती आपण होऊन चालत आली होती. संमती गुरुवारी दुपारपर्यंत कळवायची होती. सोबत एक छापील कागद होता, नेहमीचाच. कुटुंबीयांची प्रकृती परदेशी वास्तव्यास योग्य आहे, असं अधिकाऱ्यानं स्वतःच्या सहीनं प्रमाणित करायचं. असल्या कागदांवर त्यानं सहा वेळा सही केली होती आणि सहाही वेळा वाचलं नव्हतं. सोमवारी त्यानं तो पहिल्यांदा वाचला, टोपण उघडलं, पुन्हा लावलं आणि कागद खणात टाकला. सही केली की सातवं घर. तिथला जिना कुठल्या बाजूला असेल कुणास ठाऊक. नाही केली तर तिला तपासणीसाठी परत पाठवणार, ती गेली की त्याचं मोठ्या राजधानीचं स्वप्न गेलं, आणि ‘काय झालं?’ ह्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यावं लागणार. तो शब्द डॉक्टरनं अजून उच्चारला नव्हता, कारण डॉक्टरला अजून विचारलंच नव्हतं.

त्या रात्री जेवण होऊन ती झोपायला गेली, तोही आडवा झाला, आणि झोपेची वाट बघता बघता त्याला महिन्यापूर्वीची ती मेजवानी आठवली. लांब टेबलाच्या दोन टोकांना ती दोघं, मध्ये सोळा पाहुणे. अशा टेबलांवर नवरा-बायकोला कधी शेजारी बसवत नाहीत. एकमेकांशी काय, ती घरी बोलतीलच, इथं त्यांनी दुसऱ्यांशी बोलायचं, अशी ती पद्धत. त्यामुळे इतकी वर्षं ती दोघं जेवली ती एकमेकांना लांबून बघत. त्या अंतरासाठी त्यांनी खुणा बसवल्या होत्या. तिनं चमचा पालथा ठेवला की ‘हा विषय नको.’ त्यानं चष्मा काढला की ‘ह्या माणसाला सोडव.’ आणि तिनं डाव्या कानातल्या कुडीला बोट लावलं की ‘पुरे, उठू या,’ मग त्यानं उठायचं आणि सगळ्यांनी उठायचं. मेजवान्या किती झाल्या असतील देव जाणे, पण त्या खुणा कधी चुकल्या नाहीत. तो तर मुलीला गमतीनं सांगायचा की आमचा संसार बिनतारी चाललाय. महिन्यापूर्वी सूप नुकतं वाढलं होतं, वाफा निघत होत्या, आणि तिनं कुडीला बोट लावलं. त्याचं शरीर उठलं. विचार न करता, पुढ्यात सूप असताना, तो ताडकन उभा राहिला, आणि यजमान उठला म्हणून सोळाच्या सोळा माणसं, मांडीवरचे रुमाल सांभाळत, गोंधळून उभी राहिली. एक मंत्री तर चमचा तोंडात असतानाच उठला. मग त्यानं पेला उचलला आणि दोन देशांच्या मैत्रीबद्दल चार शब्द बोलला. सुपाआधीच भाषण आटोपणारा राजदूत म्हणून त्याचं कौतुक झालं. सारवासारव इतकी सफाईदार झाली की स्वतःला काय दिसलं हेही त्याला विसरता आलं. टेबलाच्या त्या टोकाला ती पेला उंचावून हसत होती.

तिला काही होतंय हे कुणाला कळणार? असल्या जेवणांत लागतात ती वाक्यं मोजून बारा-पंधरा. किती दिवसांनी भेटलो. प्रवास कसा झाला. मुलं काय म्हणतात. इथली हवा मानवली का. अजून थोडं घ्या ना. ह्यातलं कुठलंही वाक्य कुणालाही कधीही चालतं, आणि उत्तर लक्षात ठेवावं लागत नाही. डोक्यातलं बाकी सगळं पुसलं गेलं तरी ही बारा वाक्यं शाबूत होती. लोकांना ती आवडत होती. परवाच कुणीतरी म्हणालं, “मॅडम प्रत्येकाकडे अगदी पहिल्यांदा भेटल्यासारखं लक्ष देतात.” त्यानं आभार मानले होते.

सकाळी फर्स्ट सेक्रेटरीचा फोन आला. हा त्याच्या हाताखालचा सगळ्यात नेमका माणूस, वाक्यातला स्वल्पविरामसुद्धा विचारून हलवणारा. “साहेब, शुक्रवारच्या जेवणाला कोण कुठं बसणार ते ठरवायचं होतं. मॅडमच्या वहीतून कोण आधी येऊन गेलंय ते कळलं असतं तर बरं झालं असतं.” पाहुण्यांची वही सगळ्या कार्यालयात माहीत होती. बायको खाली बागेत कात्रीनं फुलं कापत होती. तो तिच्या खोलीत गेला आणि तिच्या लिहायच्या टेबलाशी, तिच्या खुर्चीत, बहुधा पहिल्यांदाच बसला. खालच्या कप्प्यात सहा वह्या ओळीनं उभ्या होत्या, जाड पुठ्ठ्याच्या, प्रत्येक शहराची एक. त्याला हवी होती शेवटची. त्यानं काढली पहिली.

पहिल्या शहरात तो अगदी कनिष्ठ होता. ती लग्नाआधी शाळेत चित्रकला शिकवायची, ती नोकरी सोडून त्याच्याबरोबर आली होती. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात तिनं एका परदेशी जोडप्याला जेवायला बोलावलं, आणि चार महिन्यांनी पुन्हा बोलावलं तेव्हा पुन्हा तेच रांधलं, कारण तिला तेवढंच छान यायचं. पाहुणे काही बोलले नाहीत. पण ते कर्णोपकर्णी मोठ्या बाईंपर्यंत, म्हणजे तिथल्या राजदूतांच्या पत्नीपर्यंत गेलं. त्यांनी तिला बोलावून घेतलं. ती घरी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हातात ही वही होती. “मोठ्या बाई म्हणाल्या, ह्यात सगळं लिहायचं,” तिनं त्याला सांगितलं होतं. “कोण आलं, कुठं बसलं, काय वाढलं, काय पानात टाकलं, काय विचारायचं नाही. आणि शेवटी, पुन्हा बोलवायचं की नाही. म्हणाल्या, तुझा नवरा देशाचं काम करतो, तू निदान एवढं कर.” तो तेव्हा हसला होता. आता तो चाळत होता. अक्षर टपोरं, समासात लहान लहान चित्रं. एका पाहुण्याचं नाक, एकीचा अंबाडा. ‘ह्यांना गोड चालत नाही पण बघतात आशेनं.’ ‘ह्यांच्या मुलाचा विषय काढू नये.’ ‘ही बाई दुसऱ्यांदा आली तरी माझं नाव विचारलं नाही. पुन्हा बोलवावं लागेल.’ तो एकटाच हसला. ह्यांतल्या निम्म्या माणसांवर त्यानं अहवाल लिहिले होते, गोपनीय शिक्के मारून पाठवले होते, आणि त्यांतल्या एकातही तो माणूस आशेनं गोडाकडे बघतो हे नव्हतं.

तिसऱ्या वहीत तो एका पानाशी आला आणि थांबला. त्यानं वरची तारीख पाहिली. ती त्याच्या आईची तारीख होती. त्या दिवशी दुपारी घरून फोन आला होता, आई गेली. धाकट्या भावानं विचारलं, “दादा, तुझ्यासाठी थांबायचं का?” कराराची बोलणी शेवटच्या टप्प्यात होती, दुसऱ्या दिवशी सह्या व्हायच्या होत्या आणि त्या संध्याकाळी समोरच्या शिष्टमंडळाला जेवण होतं. “नका थांबू,” तो म्हणाला होता. जेवण झालं. कुणाला काही कळलं नाही. करार झाला, त्याला बढती मिळाली, तो करार पुढं सहा वर्षांत मोडीत निघाला. त्या जेवणातलं त्याला फक्त एवढं आठवत होतं की टेबल फार लांब होतं. वहीत बैठकीचा आराखडा होता, चौदा नावं, काय वाढलं ते होतं, आणि त्याखाली तिनं लिहिलं होतं, ‘आज सासूबाई गेल्या. ह्यांनी जेवताना तीन विनोद केले. सगळे हसले. मीही हसले. मला उठून ह्यांच्यापाशी जायचं होतं. मध्ये चौदा माणसं होती.’ आणि खाली, पुन्हा बोलवावं की नाही ह्या जागी, काहीच नव्हतं.

त्यानं वही मिटली नाही. तशीच मांडीवर ठेवून तो खिडकीतून बघत राहिला. खाली ती फुलं कापत होती, एकेक देठ उन्हाकडे धरून बघत होती. त्याला रडू आलं. आईसाठी आलं की बायकोसाठी ते त्याला कळलं नाही. सतरा वर्षं उशिरा आलेलं रडू, त्याची काही शिस्त नव्हती, ते नाकातूनही आलं. खिशातल्या इस्त्रीच्या रुमालानं त्यानं तोंड पुसलं आणि शेवटची वही काढली.

हिच्यात सुरुवातीची पानं बाकीच्या वह्यांसारखीच होती. मग अक्षर बारीक झालं. चित्रं वाढली, पाहुण्यांची नव्हे, घराची. जिना काढलेला, बाण काढलेला, ‘उतरून डावीकडे जेवणाची खोली. उजवीकडे गेल्यास ह्यांचं ऑफिस, तिथं जाऊ नये.’ ड्रायव्हरची टोपी. स्वयंपाक्याच्या मिशा आणि खाली त्याचं नाव, दोनदा. ‘मुलीचा फोन रविवारी येतो. जेवलीस का हे एकदाच विचारायचं.’ ‘कुडीला हात लावायचा तो शेवटी. शेवटी म्हणजे फळं आल्यावर.’ ही नोंद मेजवानीच्या दुसऱ्या दिवसाची होती. म्हणजे तिला कळलं होतं. सोळा माणसं उभी राहिली तेव्हा तिला कळलं होतं, आणि तिनं पेला उंचावला होता. दीड वर्षांच्या पानांत ती एकटी, पेन्सिलीनं, स्वतःची सारवासारव करत आली होती. तोही तेच करत आला होता. एका छपराखाली, एकमेकांना न सांगता, दोघंही डोळ्यांत तेल घालून एकमेकांपासून हेच लपवत होती. दोन राजदूत समोरासमोर बसून हवेच्या गप्पा मारतात तसे त्यांनी हे दिवस काढले होते. आणि ह्यातलं वाईट असं की दोघंही आपापल्या कामात पटाईत होती.

शेवटची नोंद कालची होती. अक्षर ओळीवरून घसरलेलं. समासात एक चेहरा काढलेला होता, चार रेघांत, पण तो कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. त्याच्या डाव्या भुवईतली खूणसुद्धा काढली होती.

‘हे गृहस्थ रोज येतात. उंच. मीठ कमी लागतं. जेवताना बोलत नाहीत, पण पानात टाकत नाहीत. आईंचा विषय काढू नये. मिसेस बरोबर नव्हत्या. बरं नाही म्हणाले, खरं वाटलं नाही. बहुतेक एकटेच असावेत. फार दमलेले दिसतात. माणूस चांगला आहे. पुन्हा बोलवावं.’

त्यानं ते तीनदा वाचलं. एकतीस वर्षांत त्याच्यावर बऱ्याच जणांनी अहवाल लिहिले होते, वरिष्ठांनी, परक्यांनी, काही हेव्यानं, काही कौतुकानं. इतका खरा एकही नव्हता. खाली दार वाजलं, ती फुलं घेऊन आत आली होती, स्वयंपाक्याला काहीतरी सांगत होती. तो वही बगलेत घेऊन उठला.

अभ्यासिकेत त्यानं कोरा कागद घेतला. मसुदे करण्यात त्याचा हात धरणारा मंत्रालयात कुणी नव्हता. होकार न देता होकार, नकार न देता नकार, दोन्हीच्या मधली वाट, हे सगळं तो बसल्या बैठकीत लिहून द्यायचा. ‘अपरिहार्य कौटुंबिक कारणास्तव’ असं त्यानं लिहिलं आणि खोडलं. ‘सद्यःपरिस्थितीचा साकल्यानं विचार करता’ असं लिहिलं. त्यात ती नव्हती. चौथा कागद टोपलीत गेला तेव्हा त्यानं लहान मुलाच्या पत्रात असतात तशी तीन वाक्यं लिहिली. माझी पत्नी आजारी आहे. तिची स्मृती जात आहे. मला ही नेमणूक नको, मी तिला घेऊन परत येऊ इच्छितो. परत म्हणजे कुठे, हे त्याला नीट माहीत नव्हतं. मायदेशी एक कुलूपबंद फ्लॅट होता, त्यात दोघं सगळी मिळून चाळीस दिवस राहिली असतील. तिला तिथला जिनाही आठवणार नव्हता. निदान तिथं लिफ्ट होती. छापील कागदावर त्यानं सही केली नाही, ‘योग्य आहे’ ह्या शब्दांवरून सरळ रेघ मारली.

फर्स्ट सेक्रेटरी अर्ध्या तासात आला. त्यानं मजकूर वाचला, पुन्हा वाचला. त्याचे कान लाल झाले.

“साहेब, हे असंच पाठवायचं?”

“असंच.”

“म्हणजे... ‘स्मृती जात आहे’ हे जरा... ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ म्हटलं तर? दार उघडं राहतं.”

“दार नकोय उघडं.”

“पण मॅडम तर परवा किती छान बोलल्या माझ्याशी. माझ्या आईची चौकशी केली.”

“तुझी आई कधी गेली?”

तो खाली बघायला लागला. “दोन वर्षं झाली, साहेब. मॅडम तेव्हा घरी आल्या होत्या भेटायला.” मग हळूच म्हणाला, “मला वाटलं, अनवधानानं.”

“मलाही तसंच वाटत होतं,” तो म्हणाला.

“शुक्रवारचं जेवण पुढे ढकललं म्हणून कळवू?”

“रद्द म्हण.”

फर्स्ट सेक्रेटरीनं कागद फायलीत ठेवला. दारापाशी जाऊन तो परत वळला, काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ह्या नेमक्या माणसाला वाक्य सापडलं नाही. तो नुसताच मान हलवून गेला. राजदूतानं मुलीला फोन लावला. तिनं उचलला, तेव्हा तिच्या इथं पहाट होती. “बाबा? काय झालं?” “आईला दाखवायचंय,” तो म्हणाला. “तू येशील का?” पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “येते,” ती म्हणाली. “येते रे.”

दुपारी एकला तो जेवायच्या खोलीत गेला. घरी दोघंच असली तरी पानं टेबलाच्या दोन टोकांनाच मांडली जात. पहिल्याच दिवशी स्वयंपाक्यानं तशी मांडली, कुणी त्याला सांगितलं नाही, आणि मग तेच चालू राहिलं. मीठ मध्यावर, दोघांच्याही हाताबाहेर. सकाळची फुलं काचेच्या भांड्यात मधोमध होती. ती आपल्या टोकाला बसली होती. तो आत आला तशी ती उठून उभी राहिली आणि त्याला कळलं, आपण पाहुणे आहोत.

“या, या,” ती म्हणाली. “प्रवास कसा झाला?”

“लांबचा झाला.”

“दिसतंय. बसा ना. आणि तुमच्या मिसेस? आजही नाही आल्या?”

उत्तर जिभेवर आलं होतं, कालचंच. त्यानं ते गिळलं. तयार उत्तराशिवाय तो कुणासमोर असा कधी उभा राहिला नव्हता. हातांचं काय करायचं ते त्याला कळेना.

“इथंच आहे ती,” तो म्हणाला. “पण तिला जरा वेळ लागतोय.”

“अगबाई! मग त्यांचं पान?” ती लगबगीनं आतल्या दाराशी गेली, हाक मारली. स्वयंपाकी आला, त्यानं एकदा साहेबांकडे बघितलं, साहेबांनी मान डोलावली, आणि त्यानं तिसरं पान आणलं. ते कुठं ठेवावं ह्याचा विचार करत ती टेबलाच्या कडेनं चालत गेली, एकेका खुर्चीला हात लावत. “तुमच्या शेजारी नाही हं बसवता येणार त्यांना,” ती म्हणाली. “नवरा-बायकोला शेजारी बसवत नाहीत. मनाला लावून घेऊ नका, पद्धतच आहे तशी. मलाही पहिल्या पहिल्यांदा फार वाईट वाटायचं.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. तिसरं पान तिनं पलीकडच्या बाजूला, आपल्या टोकाजवळ मांडलं, काटा-चमचा बोटानं सरळ केला, आणि ती आपल्या जागी जाऊन बसली. तेव्हा त्यानं आपलं ताट उचललं. एका हातात ताट, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला, असा तो त्या टेबलाच्या लांबीनं चालत निघाला. आठ खुर्च्या होत्या त्या बाजूला. शेवटची त्यानं पायानं मागे ओढली आणि तो तिच्या शेजारी बसला. दोघांचे गुडघे एकमेकांना लागले. इतक्या जवळून तिच्या केसांना फुलांच्या देठांचा हिरवा वास येत होता.

तिनं दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला. “अहो, कुणी बघितलं तर?”

“बघू दे.”

ह्या ‘अहो’त तो कोण होता ते त्यानं शोधलं नाही. तिनं थोडा विचार केला. मग उठून मध्यावरची मिठाची कुपी घेऊन आली, आणि ती त्याच्या हातापासून लांब, आपल्या पलीकडे ठेवून दिली. “तुम्हाला कमी लागतं,” ती म्हणाली. “आहे माझ्याकडे लिहिलेलं.” त्यानं मान हलवली. स्वयंपाकी वाढून गेला, तिघांच्या पानांत. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं भातातून वाफ निघत होती. तिनं घास घेतला नाही. पाहुण्यांआधी ती कधीच घेत नसे.

“थांबायचं का त्यांच्यासाठी?” तिनं विचारलं.

“थांबू या,” तो म्हणाला.

तिनं हात मांडीवर ठेवले. त्यानंही ठेवले. आणि ती दोघं शेजारी शेजारी बसून समोरच्या पानावर येणाऱ्या बाईची वाट बघू लागली.